गणिताचा शिक्षक आणि चुकलेले उत्तर

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी गणिताच्या अध्यापनाविषयी काही लिहावे, अशी सूचना चिटणीसांनी केली. विषय रुक्ष आहे, असे सांगून आम्हांस अंग काढून घेता आले असते. परंतु पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली या भागांतील पालक शिक्षकास भेटतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: "सर, बाकी विषय ठीक आहेत हो, पण पोराचं गणित कच्चं आहे." मग शिकवणी लावली जाते, पाढ्यांची घोकंपट्टी होते, क्वचित दोन धपाटेही बसतात. दहावीला गणितात गेलेली मुलगी घरी बसते आणि मुलगा कापड मार्केटात पार्सले उचलू लागतो. त्यांतील कित्येकांची अडचण दुसरी-तिसरीत सुरू झालेली असते. त्या वेळी त्यांची चूक कोणीतरी नीट वाचली असती तर ती तेथेच सुटली असती. गणित शिकविणाऱ्याचे शिक्षण म्हणजे मुख्यत्वे ही चूक वाचण्याचे शिक्षण होय, असे आमचे मत आहे. ते का, हे आपल्याच वस्तीतील मुलांच्या पाटीवरून सांगतो.

शिक्षकाने "त्रेसष्ट" लिहावयास सांगितले आणि मुलाने ३६ लिहिले. शिक्षक लाल रेघ मारतो. पण मुलाने काय केले ते पाहा. त्याने कानावर आले तसे लिहिले. "त्रेसष्ट" या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. हिंदी-उर्दूतील तिरसठ आणि गुजरातीतील त्रेसठ हेही याच घडणीचे. अरबीत "तीन आणि साठ" असेच म्हणतात. जर्मन भाषेतही तसेच म्हणतात, आणि तेथील मुले लिहिताना अंकांची अशीच उलटापालट करतात, हे तेथील अभ्यासकांनी तपासून पाहिले आहे. उलट आपल्या शेजारच्या तेलुगू विणकर कुटुंबातील मूल "अरवै मूडु" म्हणते, म्हणजे साठ तीन. त्याला बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच पडतो. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. गणित सर्वत्र एकच असले तरी त्यात शिरण्याची वाट माध्यमागणिक बदलते, हे शिक्षकाने जाणले पाहिजे. उर्दू माध्यमातील मुलास तर अक्षरे उजवीकडून डावीकडे आणि संख्या डावीकडून उजवीकडे लिहाव्या लागतात!

"एकोणतीस" या शब्दाचा पेच निराळा आहे. मुलाच्या कानात "तीस" राहते आणि "नऊ येतात" एवढे त्याला आठवते, म्हणून तो ३९ लिहितो. तीसला एक उणा, हा शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. त्यातून सुरतेच्या मुलाची आणखी एक गंमत. मराठी शाळेत तो ८९ ला "एकोणनव्वद" म्हणावयास शिकतो, म्हणजे नव्वदाला एक कमी. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तीच संख्या गुजरातीतून "नेव्यासी" अशी ऐकतो, म्हणजे ऐंशी आणि नऊ. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या घरात बोली अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी. एवढे हिशेब पोटात घेऊन ते मूल वर्गात बसलेले असते.

महाराष्ट्रात या प्रश्नावर २०१९ साली मोठा गदारोळ झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक", "त्रेसष्ट"च्या जोडीला "साठ तीन" अशी वाचनाची रीत दिली गेली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुले संख्यांना बिचकतात, असे त्यांचे म्हणणे होते. भाषा बुडाली, अशी ओरड झाली, थट्टा झाली, विधिमंडळातही विषय गाजला. "गणितगप्पा"सारखे पुस्तक लिहून गणित मराठी घरात नेणाऱ्या या विदुषी २०२३ साली निवर्तल्या. आमचे मत विचाराल तर जुने शब्द टाकू नयेत. बाजारात, दस्तऐवजात, आजीच्या बोलण्यात तेच आहेत. परंतु पहिली-दुसरीत "साठ तीन, म्हणजेच त्रेसष्ट" असे दोन्ही एका श्वासात म्हणवून घ्यावे. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्याव्यात आणि मग अंक लिहावयास सांगावे. गठ्ठा हातात आला की ३६ आणि ६३ यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

आता वजाबाकी. जाता जाता सांगावयाचे तर "वजा" आणि "बाकी" हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. ते मराठीत असे रुळले आहेत की कोणास परके वाटत नाहीत. ४२ मधून १७ वजा करताना मूल ३५ उत्तर काढते. चारातून एक गेला, राहिले तीन. दोनातून सात जात नाहीत, पण सातातून दोन जातात, मग उरले पाच. लहान संख्येतून मोठी जात नाही, हे आपणच त्याला शिकविलेले असते. ते वाक्य त्याने इमानाने पाळले! येथे "हातचा घे" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. चार दशकांपैकी एक गठ्ठा सोडला की तीन दशक आणि बारा सुटे होतात, बारातून सात गेले, पाच राहिले, तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन राहिले, उत्तर २५.

परंतु घरी वडील वेगळेच शिकवितात. "वर दहा घे, खाली एक दे" ही जुनी रीत. मूल गोंधळते, वडील म्हणतात शाळा बिघडली, शाळा म्हणते पालक ढवळाढवळ करतात. वास्तविक दोन्ही रीती बरोबर आहेत. जुन्या रीतीत दोन्ही संख्यांत दहा मिळविलेले असतात. वडील ४२ वर्षांचे आणि मुलगा १७ वर्षांचा असेल तर आणखी दहा वर्षांनी ते ५२ आणि २७ वर्षांचे होतील. अंतर आज २५, तेव्हाही २५. एवढे उदाहरण दिले म्हणजे घर आणि शाळा यांचे भांडण मिटते. पण हे उदाहरण देण्यासाठी शिक्षकाला दोन्ही रीतींचे मूळ ठाऊक असावे लागते, आणि पदवी घेतल्याने ते आपोआप ठाऊक होत नाही.

यासंबंधी लिपिंग मा या चिनी वंशाच्या विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेले संशोधन उद्बोधक आहे. त्यांनी प्राथमिक गणित शिकविणारे २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षक यांना काही साधे प्रश्न विचारले. एक प्रश्न असा: पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर एखादी गोष्ट रचा. अमेरिकन शिक्षकांपैकी नऊ जणांनाच भागाकार पुरतेपणी आणि बिनचूक करता आला; चिनी शिक्षक सर्वच्या सर्व बरोबर. आणि चमत्कार असा की चिनी शिक्षकांचे शालेय शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा पुष्कळ कमी होते. मग हे ज्ञान आले कोठून? तेथील शिक्षक नोकरीत असताना एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा पानोपान विचार करतात, हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडे तर भाषाच मदतीला आहे. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या किती? तीन पुऱ्या आणि एक अर्धी, म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असलेल्या आपल्या आजोबांना यात अवघड काही वाटले नसते. गुजरातीत साडेतीनच्या पाढ्यास "ऊठां" म्हणतात, आणि ऊठां भणावणे म्हणजे दुसऱ्यास बनविणे. तो पाढा बिचाऱ्या मुलांना किती छळत असेल, हे त्यावरून समजावे.

दशांश अपूर्णांकाची चूक तर आपल्या धंद्याच्या पोटातच आहे. साडेपाच मीटर साडी आणि ऐंशी सेंटीमीटर ब्लाउज पीस मिळून किती? मूल वहीत ५.५ आणि ०.८० मांडते, टिंबापुढील पाच आणि ऐंशी मिळविते आणि उत्तर देते ५.८५. हेच मूल घरी आईशेजारी बसून साड्यांना टिक्क्या लावते. त्याला तोंडी विचारा, तर ते सरळ "सहा मीटर तीस" म्हणते. म्हणजे त्याला हिशेब येतो. टिंबापुढचा पाच हे पाच सेंटीमीटर नसून पन्नास आहेत, एवढेच त्याला येत नाही. मीटरपट्टी फळ्याखाली ठेवून ५.५ ची जागा बोटाने दाखवावयास सांगितली की चूक मुलालाच दिसते. आपल्या भागातील गणिताच्या वर्गात मीटरपट्टी आणि साडीचा एक तुकडा कायमचा असावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी फार खर्च नाही.

वर्गातील आणखी एक गोष्ट, जिला तर काहीच खर्च नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली तेव्हा हा वेळ सरासरी एक सेकंद भरला. तो तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली. एरवी उत्तर देतात ती पुढच्या बाकावरची चार मुले, आणि शिक्षकास वाटते वर्गाला समजले. उत्तर बरोबर येवो की चूक, "कसे काढलेस?" हा प्रश्न दोन्ही वेळा विचारावा. चुकल्यावरच तो विचारला तर मुले त्या प्रश्नालाच भितात.

आता शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी. प्रशिक्षण वर्ग भरतात, नाही असे नाही. मोठ्या सभागृहात व्याख्यान होते, पडद्यावर चित्रे दिसतात, सही होते, चहा होतो. आम्हीही असे अनेक वर्ग बसून ऐकले आहेत. त्यांत त्रेसष्ट आणि छत्तीस यांचा उल्लेख झालेला आम्हांस आठवत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. तास भरणे कठीण नाही. ते कशाने भरावेत, हा प्रश्न आहे.

जपानमधील पद्धत आम्हांस या बाबतीत अनुकरणीय वाटते. शतकाहून अधिक काळ तेथील शिक्षक "पाठ-अभ्यास" करीत आले आहेत. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुले कोठे अडखळतील, काय काय उत्तरे देतील, याची आधीच यादी करतात. मग एकजण तो पाठ प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे मागे बसून पाहतात. त्यांनी शिकविणाऱ्याकडे न पाहता मुलांच्या वह्यांकडे पाहावयाचे असते. नंतर चर्चा होते, पाठ दुरुस्त होतो आणि अनेकदा दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतला जातो. बघणारे तपासनीस नसून पाठाचे भागीदार असल्यामुळे शिकविणाऱ्यास लाज वाटत नाही. मुलांकडे पाहून शिकावे, हा विचार आपल्यालाही नवा नाही. भावनगरच्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण उभारणाऱ्या ताराबाई मोडकांनी हा धागा गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये फार पूर्वीच बांधून ठेवला आहे.

ट्रस्टकडे आमची एक मागणी आहे. वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार हे चालू राहावेच. त्यासोबत ट्रस्टच्या कार्यालयातील एक खोली महिन्यातील एका शनिवारी दुपारी गणिताच्या शिक्षकांना द्यावी. एक फळा, सतरंजी आणि चहा एवढे पुरे. मराठी, उर्दू, गुजराती, तेलुगू, कोणत्याही माध्यमाचे शिक्षक यावेत आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातील चुकलेल्या दोन-तीन वह्या, मुलाचे नाव झाकून, बरोबर आणाव्यात. व्याख्याता बोलावू नये. "या मुलाने असे का केले असेल?" एवढ्या एका प्रश्नावर दोन तास सहज जातात. त्यांतून एकच पाठ आखून पुढील महिन्यात कोणाच्या तरी वर्गात तो पाहावयास जावे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळविण्याच्या कामी ट्रस्टमधील वडीलधाऱ्यांचा शब्द उपयोगी पडेल. शिक्षक एकटे गेले तर अर्ज टेबलावर पडून राहतात.

घरच्या मंडळींस वजाबाकीचा सराव घ्यावयाचा असेल तर पानभर उदाहरणे घालू नयेत. आपल्या नाशिकजवळ देवळाली येथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले. संशोधनाची पदवी नव्हती, विद्यापीठातील जागा नव्हती, आणि १९४९ साली त्यांनी शोधलेल्या ६१७४ या संख्येस आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत, कारण मग पहिल्याच वजाबाकीत शून्य येते. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करावे. शून्य पुढे आले तरी ते सोडू नये. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तेथेच राहते. मुलास स्वतःचे जन्मवर्ष घ्यावयास सांगावे. २०१४ साली जन्मलेल्यास ४२१० वजा ०१२४ येथून आरंभ करून ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशा पायऱ्यांनी सातव्या वजाबाकीस ६१७४ भेटेल. २०११ सालच्या थोरल्या बहिणीचे काम चारांतच होईल.