विकतची जादू: पैसे वसूल होतात का?

जादूच्या दुकानातल्या ‘स्वेंगाली’ कॅटमध्ये निम्मे पत्ते एकसारखेच असतात आणि बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड. झरझर सोडले की पत्ते जोडीजोडीने पडतात, आखूड पत्ता लपतो, सगळे वेगवेगळे भासतात. कॅट कापला की मात्र दर वेळी तोच पत्ता वर!

युक्ती सुंदरच आहे. पण ती पुरते का?

2005 मध्ये गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर या संशोधकांनी जादू पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या नजरेची हालचाल टिपली. जादूगार सिगारेट उघडपणे मांडीत पाडत होता, तरी अनेकांना ती दिसलीच नाही. नजर नेमकी कुठे होती याने फारसा फरक पडला नाही. चकतं ते लक्ष, आणि ते वळवायला सराव लागतो.

तेव्हा महागडा संच राहू द्या. एक स्वस्त कॅट घ्या आणि आरशासमोर रोज बसा.