मार्सेयहून गोत्रीस

गोत्री हे एके काळी वेशीबाहेरचे खेडे. आता बडोद्याने त्यास पोटात घेतले आहे, आणि २०२० साली तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय करोनाच्या रोग्यांसाठी राखले गेले तेव्हापासून रावपुऱ्यातील जुन्या वाड्यांतही ते नाव हलक्या आवाजात घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी मार्चअखेर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर वर्तमान आले: मलेरियाच्या जुन्या गोळीने करोना बरा होतो!

वर्तमान सर्वस्वी बनावट नव्हते, हीच त्यातली मेख. फ्रान्सातील मार्सेय येथे डॉ. दिदिए राऊल व त्यांच्या सहकाऱ्यांचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध २० मार्चला प्रसिद्ध झाला होता. रोगी अवघे ३६. गोळी दिलेले वास्तविक २६ होते, त्यांतील ६ हिशेबातून गळले. तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते, एक दगावला होता. जे बिघडले ते वगळून उरलेल्यांचा गुण मोजला, असाच याचा अर्थ. पण मोबाईलवर आकडा येतो, तळटीप येत नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवरून गोळीची वाखाणणी केली, आणि २२ तारखेस आपल्या वैद्यक संशोधन परिषदेनेही, केवळ शुश्रूषा करणारे व रोग्याच्या घरचे यांच्यापुरती, शिफारस केली. ‘केवळ’ हा शब्द वाटेतच सांडला.

आमच्या आत्याबाई संधिवातासाठी हीच गोळी वर्षानुवर्षे घेतात. त्या आठवड्यात चार दुकाने पालथी घातली, गोळी संपलेली!

जूनमध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी साडेचार हजारांवर रुग्णांची तुलना करून सांगितले, की रुग्णालयात दाखल झालेल्यांस या गोळीने काही लाभ नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना आणून ग्रंथालये उभारविली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. ज्ञान तेव्हाही दूरवर पोचे, पण पेटी परत येई, आतले पुस्तक बदलता येई. मोबाईलवरचा निरोप एकदा सुटला की माघारी फिरत नाही.

मार्सेयचा तो निबंध डिसेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. ते वर्तमान मात्र आमच्या कुटुंबात कोणीही पुढे धाडले नाही. मी आत्याबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता सांगतोस होय रे? तेव्हा माझी बोटं आखडली होती.”