आट्यांची साक्ष
(वारशाची प्रेस : लेखांक ७)

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी मूळ मापात आणून तिच्यात नवे प्रायमर, दारू व गोळी बसवणाऱ्या हातप्रेसचा रंग आणि तिच्यावरील नावाची पट्टी या दोन्ही गोष्टी कालांतराने बदलल्या जातात, हे मागील लेखांकात पाहिले. या आठवड्यात सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सने बनवलेल्या यंत्राचा विचार व्हायचा होता. परंतु वाचकांकडून आलेल्या पृच्छांचा रोख प्रेसच्या माथ्यावरील आट्यांकडे आहे आणि कूळ ठरवण्याच्या कामी आट्यांइतका विश्वसनीय पुरावा दुसरा नसल्याने हा लेखांक त्यांनाच द्यावा, हे अधिक योग्य होय.

पुंगळीला आकार देणाऱ्या पोलादी साच्याला डाय म्हणतात. हा डाय प्रेसच्या माथ्यावरील भोकात फिरवून बसवला जातो, खालून रॅम, म्हणजे दांडीच्या जोराने वर सरकणारा पोलादी दट्ट्या, पुंगळी वर रेटतो आणि ती डायमध्ये दाबली जाते. डाय आणि प्रेस यांचे आटे जुळले नाहीत तर यंत्र निरुपयोगी ठरते. म्हणूनच कारखानदाराने कोणते आटे निवडले यावर त्याचा ग्राहक त्याच्याशी बांधला जाणार की इतरांचे डायही वापरणार हे अवलंबून असे. रंग पुन्हा देता येतो आणि दांडी बदलता येते, पण ओतीव लोखंडात पाडलेले आटे सहसा कोणी बदलत नाही.

आट्यांचे वर्णन दोन अंकांनी केले जाते : पहिला व्यासाचा, दुसरा एका इंचात बसणाऱ्या आट्यांचा. अमेरिकेत जॉन बार्लो याने १८८४ साली कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे स्थापन केलेल्या आयडियल कंपनीची साधने पकडीच्या घडणीची, हातात धरून दाबायची होती. ही कंपनी १९१० साली मार्लिनकडे गेली आणि १९२५ साली मिडलफील्डच्या लायमन कंपनीने ती घेतली. लायमनच्या ३१० क्रमांकाच्या पकडीचे डाय ५/८ इंच व्यासाचे असून त्यांवर इंचाला ३० आटे असतात. एवढ्या बारीक आट्यांमुळे डाय एक पूर्ण फेरा फिरवला तरी जेमतेम ०.८५ मिलिमीटर पुढे सरकतो आणि गोळी किती खोल बसवायची याचे नियंत्रण हाताने नेमके ठेवता येते. याच डायांसाठी लायमनने ट्रू-लाइन ज्युनिअर ही फिरत्या माथ्याची लहान प्रेस काढली. वारसांची फसगत सर्वाधिक होते ती या यंत्राबाबत. बाजारातले आजचे बहुतेक डाय त्यात बसत नाहीत, त्यामुळे आटे झिजले असा समज होतो आणि भोक मोठे करून नवे आटे पाडण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. कारण त्या एका कृतीने यंत्राचा उपयोगही जातो आणि त्याची वंशावळही पुसली जाते.

आजच्या बहुतेक डायांचे माप ७/८ इंच व इंचाला १४ आटे असे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक गन साइट कंपनीच्या इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या प्रेस, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली सुरू केलेली आरसीबीएस आणि मिनेसोटातील वासिका येथून टपालाने माल विकणारी हर्टर्स या सर्वांच्या यंत्रांत हेच माप आढळते. हे माप यंत्रशाळांच्या सवयीचे होते : मोटार-अभियंत्यांच्या बारीक आट्यांच्या मालिकेत त्याला आधीच स्थान होते, त्यामुळे ते आटे पाडणारा टॅप कोणत्याही बऱ्या यंत्रशाळेत मिळे आणि छोट्या कारखानदाराला वेगळे हत्यार घडवून घ्यावे लागत नसे. एकदा अनेकांचे डाय परस्परांच्या प्रेसमध्ये बसू लागल्यावर वेगळे आटे ठेवणाऱ्याचेच नुकसान होऊ लागले, आणि पुढे लायमननेही आपल्या मोठ्या प्रेससाठी हेच माप घेतले. हॉलिवूड नावाच्या भारदस्त प्रेसचे भोक दीड इंचाचे आणि आरसीबीएसच्या रॉक चकरचे सव्वा इंचाचे असते. दोन्हींत आतून आटे असलेले कडे, म्हणजे बुशिंग, बसवले की ७/८ चा डाय चालतो. म्हणून मोजमाप घेण्याआधी बुशिंग निघते का हे पाहावे, अन्यथा मोजले जाते ते कड्याचे माप आणि ओळख चुकते.

अर्थात ७/८–१४ हे माप यंत्राचा गट सांगते, घराणे सांगत नाही. तेथे रॅमच्या टोकाकडे वळावे लागते, कारण पुंगळीचा तळ पकडणारा शेलहोल्डर जुन्या काळी प्रत्येक कारखानदार आपल्या पद्धतीने करी. हर्टर्सचे जुने शेलहोल्डर आरसीबीएसच्या रॅममध्ये बसत नाहीत, आणि हा विजोडच ओळखीची खूण ठरतो.

सोबत मूळ पेटी किंवा सूचनापत्रक आले असेल तर त्यावरील पत्ता वाचावा. शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी टपाल विभाग असेल तर तो कागद बहुधा १९४३ ते १९६३ या काळातला, कारण पाच अंकी झिप कोड १ जुलै १९६३ पासून आले. पेटंट क्रमांकही असाच बोलका असतो : अमेरिकेत विसाव्या लाखाचा क्रमांक १९३५ साली व तिसाव्या लाखाचा १९६१ साली दिला गेला, तेव्हा २० लाखांच्या पुढचा क्रमांक कोरलेले यंत्र १९३५ पूर्वीचे असूच शकत नाही. पॅसिफिकच्या बाबतीत गावाचे नावच पुरते : सॅन फ्रान्सिस्कोनंतर नेब्रास्कातील लिंकन येते आणि १९७१ साली ही कंपनी त्याच राज्यातील ग्रँड आयलंडच्या हॉर्नडीने घेतली.

येथे सातारा भागातील एका वाचकांच्या पृच्छेचा विचार करणे आवश्यक आहे. त्यांच्या वाड्याच्या माळ्यावर टेबलाच्या कडेला पकडीने बसणारे, लाकडी मुठीचे व फिरवण्याच्या दांडीचे एक लहान पितळी-लोखंडी साधन निघाले असून त्यावर केवळ १२ हा अंक आहे. ही अमेरिकी प्रेस नव्हे. छऱ्यांच्या बंदुकीची कागदी काडतुसे भरून झाल्यावर त्यांचे तोंड आत वळवून बंद करणारे हे टर्नओव्हर साधन आहे. १२ हा बोअरचा अंक होय, म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स व जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्सली यांसारख्या कारखान्यांनी ब्रिटनमध्ये शिकाऱ्यांसाठी अशी साधने बनवली. शिकारीचे सामान विकणाऱ्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा मुंबईत काळा घोडा परिसरात होती, त्यामुळे इंग्रजी माल दख्खनच्या वाड्यांत पोहोचण्यात नवल नाही. मात्र केवळ तेवढ्यावरून हे साधन तेथूनच आले असे ठरवता येत नाही.

आटे येथेही मदतीला येतात. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचवलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश असून माथे गोलसर असतात. १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये मांडलेल्या अमेरिकी आट्यांचा कोन ६० अंश व माथे सपाट असतात. काही मापांत आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच असते, जसे ७/८ इंचाच्या जाड आट्यांत ती ९ आहे, त्यामुळे नट एक-दोन फेरे फिरला म्हणून माप जुळले असे मानू नये. कंगव्यासारख्या दातांचा थ्रेड गेज आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरावा; ५५ अंशांचा गेज फट न राहता बसला तर साधन ब्रिटिश असण्याची शक्यता मोठी. हे मोजमाप सुट्या बोल्टांवर न घेता साधनाच्या अंगात पाडलेल्या आट्यांवर घ्यावे, कारण बोल्ट कोणत्याही काळी बदललेले असू शकतात.

मोजण्यापूर्वी प्रायमर बसवण्याच्या भागात जुने प्रायमर अडकलेले नाही याची खात्री करावी. दशकानुदशके पडून राहिलेले प्रायमरही पेटू शकते. शेजारी दारूचा डबा सापडला तर तो न उघडता पोलिसांना कळवावे. भारतातील वारसांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळा बनवण्याच्या यंत्रसामग्रीचा समावेश आहे. तेव्हा असे यंत्र हाती आल्यास प्रथम जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी करावी आणि मगच त्याचा अभ्यास, विक्री किंवा हस्तांतर यांचा विचार करावा.

स्टारच्या यंत्राविषयी पुढील आठवड्यात. तोवर वाचकांनी यंत्र किंवा त्याचे भाग न पाठवता केवळ आट्यांची छायाचित्रे, व्यास आणि इंचातील आट्यांची संख्या कळवावी.