हरकतीचे २१ दिवस

मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेल कंपनीची नैसर्गिक वायुवाहिनी अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून जाते, ती समृद्धी महामार्गाला धरून. रस्त्यासाठी आधीच घेतलेल्या पट्ट्याचा उपयोग झाल्याने तेवढी नवी शेते उकरणे टळले. अशी वाट सुचवण्याची संधी गावाला मात्र कायद्याने कुठेच दिलेली नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

वायुवाहिनीसाठी जमीन संपादित होत नाही. १९६२च्या केंद्रीय कायद्याने फक्त तिचा वापर हक्क घेतला जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, नुकसानीची भरपाई वेगळी. राहात्याच्या पेरूबागायतदाराला किंवा श्रीगोंद्याच्या लिंबूवाल्याला झाड लावायची बंदी म्हणजे काय, हे सांगायला नको. राजपत्रात सूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस मिळतात. पण तोवर नकाशावर रेघ ओढून झालेली असते, आणि हरकत घेता येते ती त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच. शेजारच्या वस्तीला, ग्रामसभेला तिथे जागा नाही. पर्यावरणाची जनसुनावणी म्हणावी, तर २००६च्या अधिसूचनेनुसार वाहिनी अभयारण्य किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात नसेल, तर पूर्वमंजुरीच लागत नाही. अमेरिकेत संघीय ऊर्जा नियामक आयोग आंतरराज्य वाहिनीला मंजुरी देण्याआधी कुणाही नागरिकाचे म्हणणे नोंदवून घेतो. तिथेही आयोग बहुधा कंपनीच्या बाजूने कौल देतो, पण लोकांची हरकत निदान कागदावर येते.

लोकांना तांत्रिक बाबी काय कळणार, असे यावर म्हटले जाते. तमिळनाडूचे उदाहरण पाहा. कोचीहून बेंगळुरूकडे जाणारी वाहिनी सात जिल्ह्यांतल्या शेतांतून न्यायची होती. शेतकऱ्यांचे ऐकून राज्य सरकारने २०१३ मध्ये ती महामार्गाच्या कडेने न्या, असे गेलला सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याला तो अधिकार नाही, असेच ठरवले. राष्ट्रीय महामार्गाचे नियम वेगळे, हे मान्य. तरीही तिथल्या शेतकऱ्यांनी जे मागितले, तेच पुढे समृद्धीच्या बाजूने घडले. त्यांना अडाणी कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप विलंबाचा, आणि तो खोटा नाही. पण तमिळनाडूत तीन वर्षे कोर्टात गेली. मार्ग आखतानाच ग्रामसभांपुढे नकाशा ठेवायला काही महिने पुरले असते. १९६२च्या कायद्यात तेवढी एक पायरी वाढवावी, एवढीच मागणी आहे. ती होईपर्यंत गावात सूचना लागली, तर आपला गट नंबर तपासा, सक्षम प्राधिकाऱ्याकडे मुदतीत लेखी हरकत द्या, समक्ष सुनावणी मागा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.