वाडीतला वसंत आणि सुरंगीचा दरवळ

पळस-पांगारा फुलला की डोंगरउतारावरचा वसंत दुरूनच दिसतो. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र त्याची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवेआगर, श्रीवर्धन परिसरातल्या वाड्यांत सुरंगी बहरते आणि तिचा गोडसर, मादक गंध नारळ-पोफळींच्या सावलीत भरून राहतो.

सुरंगी हा पश्चिम घाट व कोकणातला सदाहरित वृक्ष. मॅमिया सुरिगा हे त्याचे शास्त्रीय नाव. किनाऱ्यावरची उंडी ही त्याची जवळची नातेवाईक. इतर फुलझाडांप्रमाणे फांदीच्या शेंड्याकडे पाहणाऱ्याला येथे फूल सापडणार नाही. गर्द हिरव्या पानांच्या मागे, जून फांद्यांच्या पेरांवर कळ्यांचे घोस लगडतात. चार शुभ्र पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुपका, असे हे फूल. ते उमलले की मधमाश्यांची झुंबड उडते. म्हणून गजऱ्यासाठी पहाटेच, उमलण्याआधी, कळ्या खुडतात. वाळल्यावरही गंध टिकत असल्याने अत्तरासाठीही त्यांना मागणी असते. बाजारात ‘लाल नागकेशर’ म्हणून मिळतात त्या बहुधा याच कळ्या. खरा नागकेशर वेगळा.

ही फुले पाहावयाची तर एक गोष्ट ध्यानी धरावी. वाडी म्हणजे सार्वजनिक उद्यान नव्हे. विहीर, पाटाचे पाणी, नारळ, पोफळ, मिरवेल, सोनचाफा, अबोली आणि कडेला राहते घर, असा तो एका कुटुंबाचा संसार असतो. मालकाची परवानगी घेऊन सकाळी लवकर जावे. छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये, मोडू तर मुळीच नये. सुरंगीचे फूल जून फांदीवरच येत असल्याने मोडलेली फांदी म्हणजे पुढील अनेक वर्षांचा बहर गेला, असे समजावे.

हा इशारा अनाठायी नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. सुरंगीची वाढ तर फारच संथ. लावणाऱ्याने फुलांची वाट पाहावी ती नातवंडांसाठी. त्यात किनाऱ्यावरच्या जमिनींना बंगल्यांसाठी मोठा भाव येत असताना ज्याचे फूल वर्षातून जेमतेम दीड-दोन महिने मिळते, असे झाड राखणे मालकाला सोपे नाही.

म्हणूनच वसंतात येथे जाणाऱ्याने फुले विकत घ्यावीत, ती गावातल्या बाईने ओवलेली, आणि रास्त दराने. त्या चार पैशांमुळे झाड राखण्याला मालकाच्या लेखी काही अर्थ उरतो, आणि शहरवासीयांना पुढच्या वर्षी पुन्हा येण्याचे निमित्त.