तहानेवर तगणारं झाड, पनवेलच्या पावसात

जुनिपर मेला तरी लगेच कळत नाही. मुळं कुजली, खोडातला रस थांबला, तरी फांद्यांवरचा हिरवा रंग कित्येक आठवडे तसाच राहतो. जास्वंदीला पाणी कमी पडलं की ती दुपारीच मान टाकते. जुनिपर शेवटपर्यंत तक्रार करत नाही. रोपवाटिकेतून हौसेनं आणलेला, डौलदार, सुगंधी जुनिपर पनवेलच्या गच्चीवर ऐन श्रावणात हिरवागार दिसतो आणि दसऱ्याच्या सुमारास अचानक तपकिरी पडतो, तो यामुळेच. झाड ऑक्टोबरात मेलेलं नसतं, ते जुलैतच गेलेलं असतं.

हे गूढ उकलायचं तर त्याची फांदी हातात घेऊन जवळून पाहायला हवी. पानं म्हणजे मेणाचा लेप असलेले, काडीला घट्ट चिकटलेले, दोन-तीन मिलिमीटरचे खवले. त्यांतून पाणी उडून जातं ते फार सावकाश. गंमत अशी की याच झाडाची कोवळ्या वयातली पानं सुईसारखी टोकदार असतात. मोठ्या झाडाची जोरात छाटणी केली, तर खवले सोडून ते पुन्हा बालपणीच्या सुया फुटू देतं. एकाच झाडावर दोन वयांची पानं शेजारीशेजारी दिसतात!

खरी करामत खोडाच्या आत आहे. झाड पाणी वर ओढतं तेव्हा लाकडातल्या सूक्ष्म नळ्यांत पाण्याचा अखंड धागा ताणला जातो. माती फार कोरडी झाली की ताण वाढून धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. म्हणून बहुतेक झाडं दुष्काळात पानांची रंध्रं मिटून घेतात. मग पाणी वाचतं, पण अन्न तयार होणं थांबतं. अमेरिकेच्या नैऋत्य भागात 2002-03 च्या दुष्काळात रंध्रं लवकर मिटणारी पिन्यॉन पाइनची झाडं मोठ्या संख्येनं मेली, त्यांच्या शेजारचे जुनिपर मात्र बहुतांशी तगले. जुनिपरचं लाकूड तो भयंकर ताण सोसतं, त्यामुळे रंध्रं उघडी ठेवून झाड अन्न बनवत राहू शकतं. अगदीच असह्य झालं, तर एखादी फांदी सुकू देऊन उरलेलं झाड जगवतं. अर्धं खोड वाळून पांढरं पडलेले आणि सालीच्या एका पट्टीवर जगणारे जुने जुनिपर बोन्सायवाल्यांना इतके प्रिय का, हे यातून कळतं.

अशा झाडाचं घर कुठे असणार? लडाख-लाहौलच्या कोरड्या उतारांवर तो आहे, तिथे त्याच्या फांद्यांचा धूप जाळतात. आग्नेय तिबेटात 4900 मीटर उंचीवर जुनिपरचे वृक्ष उभे आहेत. उत्तर गोलार्धात याहून उंचावर वृक्षरेषा नाही. चीनच्या छिंगहाय पठारावरच्या जुनिपरांच्या वाढवलयांतून शास्त्रज्ञांनी दोन हजारांहून अधिक वर्षांचा हवामानाचा इतिहास वाचला आहे. जुनिपर हा शंकुवृक्ष, आणि आपल्या सह्याद्रीत, महाराष्ट्राच्या हद्दीत, मूळचा एकही शंकुवृक्ष नाही. पनवेलला मिळतो तो बहुधा चिनी जुनिपर. त्याला उष्मा बऱ्यापैकी चालतो. पण पनवेलला चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तहानेशी लढायला घडलेलं झाड इथे पाण्यानं मरतं.

पाण्यानं मुळं का मरतात? मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना प्राणवायू मिळतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायूचा प्रवास हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो. गुदमरलेल्या मुळांवर मग मूळकूज रोगाचे सूक्ष्मजीव तुटून पडतात.

इथे कुंडीचं एक आश्चर्य समजून घ्यायला हवं. तळाशी खडी घातली की पाणी निघून जातं, असं आपण मानतो. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे खडीचा थर ओल्या पट्ट्याला आणखी वर, मुळांच्या जवळ आणतो. हे घरीच पडताळता येतं. भिजलेला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तो उभा करा, आणखी पाणी गळेल. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज आणि खोल कुंडी म्हणजे उभा.

म्हणून खडी तळाशी न घालता संपूर्ण मिश्रणातच घाला. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि चाळलेली जाड रेती मिळून दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. विटा आणि रेती आधी चाळून घ्या, कारण भुकटीच पोकळ्या बुजवते. कुंडी मातीची असावी, बुडाला मोठी भोकं असावीत आणि ती दोन विटांवर उचलून ठेवावी.

जागा उन्हाची हवी. दिवाणखान्यात जुनिपर जगत नाही. जून ते सप्टेंबर त्याला पारदर्शक पत्र्याखाली किंवा उजेड येतो पण पावसाची धार पडत नाही अशा कडेला हलवा. वारा मात्र अडवू नका. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाल कोळी येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर पुढचे काही दिवस सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं फांद्या धुवा.

छाटणीत एकच नियम प्राणासारखा जपा: हिरवं शिल्लक ठेवा. जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून जुनिपर सहसा पुन्हा फुटत नाही. गुलाबासारखा बुंध्याशी कापला तर तो संपला. कोवळे शेंडे थोडेथोडे कमी करा. कुंडी बदलायची ती पाऊस सरून गारवा आला की, आणि मुळांभोवतीची सगळी माती एकदम झाडू नका. त्या मुळांत राहणारी उपयोगी बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते.

जुनिपरच्या बोरांचं पनवेलशी आयुर्वेदाच्या वाटेनं नातं जुळतं. ही बोरं म्हणजे खरं तर शंकूच, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळलेले. हिमालयातल्या जुनिपरची वाळलेली बोरं आयुर्वेदात हपुषा म्हणून ओळखली जातात. गुल्म या पोटाच्या विकारावरच्या औषधी तुपात चरकसंहितेनं तिला स्थान दिलं आहे. आणि 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला तो पनवेललाच. मात्र कुंडीतल्या शोभेच्या जुनिपरची बोरं औषध समजून तोंडात टाकू नका. या कुळातल्या काही जाती विषारी आहेत.

तेव्हा जुनिपर आणायचा असेल तर पावसाळ्यापूर्वी नको, दिवाळीनंतर आणा. म्हणजे पहिल्या पावसाआधी त्याला रुजायला सहा-सात महिने मिळतील. आणि त्याच्या हिरव्या रंगावर विसंबू नका, दर आठवड्याला मातीत बोट घालून पाहा.