३८६चा आधार का काढला?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहिला तो इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६चा आधार कर्नलमधून काढून टाकण्यात आला.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी त्याचाच थेट व्यवहार. मग जुना कोड तसाच पडून राहिला तर बिघडलं कुठे? बरंच बिघडतं. मेमरीचा एखादा भाग ‘फक्त वाचण्यासाठी’ राखला, तरी खुद्द कर्नल त्यावर लिहू लागला की ३८६ त्याला अडवत नसे. मेमरीतली किंमत तपासून एका दमात बदलण्याची सोयही ४८६ या पुढच्या प्रोसेसरपासूनच आली. त्यामुळे ३८६साठी जागोजागी वेगळी वाट काढावी लागे आणि नवा बदल करणाऱ्याला तीही सांभाळावी लागे. असा कोड वेळेवर काढणं हीसुद्धा देखभालच, असं मला ठामपणे वाटतं.

अर्थात, सगळंच जुनं जात नाही. २०१९ मध्ये फ्लॉपी डिस्क चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडला, म्हणजे तिच्या ड्रायव्हरला, कोणी वाली उरला नव्हता, तशी नोंदही झाली. पुढे त्याला नवा सांभाळणारा मिळाला. ३८६वाल्यांना जुना कर्नल आजही चालवता येतो, फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या त्यात येत नाहीत.